सात शेळ्या, एक मुकादम

४ फेब्रुवारी

थोरले साडूसाहेब यांस,

नमस्कार. नमस्काराच्या आधी एखादा गोड शब्द लावायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. पण नऊ वर्षांनी लिहिणारा माणूस एकदम गोड लिहायला लागला की समोरच्याला कळतं, याचं काहीतरी अडलंय. माझं अडलंच आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. कोरडा नमस्कार घ्या.

कागदावर लिहायचं कारण तुम्हीच आहात. तुमचा फोन वाजून वाजून दमतो. मेल पाठवली की असा कुणी इथे राहत नाही, अशा अर्थाचं उत्तर परत येतं. शेवटी तुमच्या मेहुणीने, म्हणजे आमच्या हिने, तिच्या ताईला विचारून घरचा पत्ता मिळवला. या दोघी बहिणी दर रविवारी तासभर बोलतात, सुट्टीत एकमेकींकडे राहून येतात, आणि त्यांचे नवरे, ज्यांनी अकरा वर्षं एका खोलीत बसून गेम लिहिले, ते एकमेकांचा पत्ता बायकांकडून मागतात. असो. हे मी तक्रार म्हणून लिहिलेलं नाही.

कामाचं सांगतो. आपला 'कडा' पुन्हा जिवंत होतोय. एका प्रकाशक कंपनीच्या बाईंना तो कुठेसा दिसला (कुठे ते महत्त्वाचं नाही), आणि त्यांनी तो नव्या कन्सोलवर बसवून मागितला आहे. तीस एप्रिलची मुदत. मला वाटलं, एकटा सहज करीन. सहा कडे चढूनही झाले. राखणदार शीळ घालतो, सात शेळ्या टणाटण उड्या मारत वर जातात. बघून माझा मलाच उमाळा आला. सातव्या कड्यावर तो दोरीचा पूल लागतो. तिथे सातही जणी एकाच क्षणी येतात, पुलाच्या अरुंद तोंडाशी एकमेकींना ढुशा देतात, आणि सातही दरीत. काल हे मी चाळीस वेळा पाहिलं. आता जेवतानाही मला शेळ्या पडल्याचा आवाज येतो.

तुमच्या कोडमध्ये पुलापाशी काहीतरी राहून गेलेलं दिसतं. दोष देत नाही, दिसतं ते सांगतो. तिथे तुमचं टिपण आहे: 'पूल मुकादम बघेल. इथे कुणी शहाणपणा करू नये.' त्याच्या खाली जे असायला हवं ते नाही. जुनी प्रत असली तर पाठवावी.

ताईंना नमस्कार. वॉशिंग मशीनच्या कारखान्यात तुमचं बरं चाललंय असं ऐकतो.

धाकटा साडू

१९ फेब्रुवारी

थोरले,

उत्तर पोचलं. म्हणजे तुम्ही जेवताना ताईंना म्हणालात, ताई रविवारी हिला म्हणाल्या, आणि हिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला सांगितलं, "ते विचारताहेत, कुठल्या यंत्रावर?" नऊ वर्षांनी मिळालेले हे दोन शब्द इतक्या हातांतून आले, तरी त्यांच्यातला खवचटपणा सांडला नव्हता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं तुम्ही मनात म्हणत असणार. यात हरी कोण ते मला कळतं. दुसरं पद तुम्ही कुणाला दिलंय ते विचारत नाही.

तर यंत्राबद्दल. आपण दोघांनी मिळून तीन कन्सोल पचवले, हे चौथं.

पहिलं डबडं तुम्हाला आठवत असेल. टायरच्या दुकानावरची खोली, खाली टायर बदलायचे आणि वर आपली टेबलं हलायची. त्या यंत्राची मेमरी इतकी तोकडी की हे पत्र तिच्यात मावलं नसतं. टीव्हीच्या पडद्यावर एकेक रेघ उमटायच्या आत ती आपण हातात द्यायची. म्हणजे मागून गाडी धावत येतेय आणि आपण तिच्यासमोर रूळ टाकत पळतोय. एका रेघेला उशीर झाला की चित्र फाटलं. पण ते यंत्र कडक असलं तरी सरळ होतं. मारायचं, पण का मारलं ते कळायचं.

मग ते जुळं. आत दोन प्रोसेसर, दोघेही गुणी, आणि मेमरीकडे जायला दार एकच. एक आत गेला की दुसरा बाहेर ताटकळतोय. तुम्ही तेव्हा म्हणाला होता की हे यंत्र समजायला पुस्तक नको, सासुरवाडीला एक आठवडा राहिलं की पुरे: दोन जावई आणि एक न्हाणीघर. आपण त्याच्यावर जो गेम काढला त्यात दोन गाड्या एकाच वेळी वळत नसत. लोकांना वाटलं, शिष्टाचार आहे.

आणि मग मुकादम. त्या कन्सोलचं छापील नाव आपण कधी घेतलंच नाही. आत एक मुख्य प्रोसेसर, तो मुकादम, आणि त्याच्या हाताखाली आठ मजूर. मजूर भलतेच चपळ, पण प्रत्येकापुढे एवढंसं फळकूट, आणि कोठारात जायला सगळ्यांना बंदी. मुकादमाने माल आणून फळकुटावर ठेवायचा, मजुराने काम करायचं, मुकादमाने उचलून न्यायचं. माल यायला उशीर झाला की जगातला सर्वात चपळ मजूर हाताची घडी घालून बसला. आठांपैकी सात आपल्याला वापरायला, आठवा यंत्र बनवणाऱ्यांनी स्वतःच्या कामाला राखलेला. सोबत नऊशे पानांचं माहितीपुस्तक, कुणीतरी शब्दकोश मांडीवर घेऊन उतरवलेलं. 'मजुरास भूक लागल्यास यंत्र दुःखी होते' या वाक्यावर आपले दोन दिवस गेले होते.

बाकीच्यांनी हात टेकले. सगळी कामं एकट्या मुकादमाकडून करून घेतली, मजूर बसवून ठेवले, आणि यंत्र मंद आहे म्हणून बोंब मारली. तुम्ही मात्र तीन आठवडे भिंतीकडे बघत बसलात आणि एका सकाळी म्हणालात, सात मजूर आहेत ना, मग सात शेळ्या, एकेकाला एकेक. त्या वाक्यावर 'कडा' उभा राहिला. हे मी कुणाला सांगत नाही असं समजू नका. सगळ्यांना सांगतो. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

आता हे नवं. हे शहाणं आहे. आठ कामकरी, सगळे बरोबरीचे, एकच मोठं कोठार आणि सगळ्यांकडे किल्ली. चूक झाली तर कुठल्या ओळीत झाली ते अदबीने सांगतं. पहिल्याच दुपारी शेळी पडद्यावर उभी राहिली. मुकादमावर तिला उभं करायला चार महिने लागले होते, आणि उभी राहिली तेव्हाही ती उलटी होती. या सोपेपणाचा त्रास एकच: काही बिघडलं की यंत्राला शिव्या घालता येत नाहीत.

अडचण तुमच्या लक्षात आली असेल. जुन्या यंत्रावर प्रत्येक मजूर मुकादमाला विचारूनच आपली शेळी पुलावर घालायचा. इथे मुकादमच नाही, विचारायचं कुणाला? पुलाचा तो भाग तुमच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होता. माझ्याकडच्या प्रतीत तो नाही. मागे एकदा मी तिथे थोडी साफसफाई केली होती, पण ती किरकोळ.

उत्तराची वाट पाहतो. शक्य झाल्यास कमी लोकांमार्फत.

धाकटा

८ मार्च

थोरले,

पोस्टकार्ड मिळालं. एका बाजूला माझा पत्ता, दुसऱ्या बाजूला एक ओळ: 'साफसफाई म्हणजे नेमकं काय?' प्रश्नचिन्हाखालचा ठिपका कागदातून आरपार गेलाय.

त्याकडे येतोच. त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळली तर वाईट दिसेल. बाईंना 'कडा' कुठे दिसला ते महत्त्वाचं नाही असं मी लिहिलं होतं. ते महत्त्वाचं आहे.

नऊ वर्षांपूर्वी आपण 'कडा' पहिल्यांदा लोकांसमोर मांडला, त्या दिवशी सभागृहात कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. गेल्या वर्षी ते इंटरनेटवर आलं. तुम्ही बघत नाही ते बरं करता. सातही शेळ्या पडतात, लोक हसतात, पडदा काळा होतो, आणि तुम्ही स्टेजवर कंट्रोलर हातात धरून माइकमध्ये म्हणता, "एक मिनिट हं." पुढच्या चार मिनिटांत तुम्ही ते अकरा वेळा म्हणता. कुणीतरी मागे पिपाणी जोडली आहे. चोपन्न लाख लोकांनी ते पाहिलंय. बाई त्यांच्यापैकी एक.

मी त्यांना पुलाची अडचण सांगितली तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरसावल्या. म्हणाल्या, दुरुस्त कशाला करताय? पडू द्या. लोकांना तेच हवंय. नावही बदलू या, 'एक मिनिट हं' असंच ठेवू, आणि खोक्यावर स्टेजवरचा तो फोटो. बाई वाईट नाहीत. फक्त त्यांचं ऑफिस अकराव्या मजल्यावर आहे, आणि उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला तिथे प्रत्यक्ष दिसलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, हे आपण ऐकलेलं. इथे खाणारा म्हणतो, पुन्हा पाडा.

मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, ते मला नीट सांगता आलं नाही. शेवटी असं ठरलं की तीस एप्रिलपर्यंत पूल दुरुस्त झाला तर खेळ आपल्या पद्धतीने निघेल, नाही झाला तर त्यांच्या. म्हणजे तुमची ती चार मिनिटं खोक्यात भरून दुकानात मांडली जातील. मला ते सोसवणार नाही.

साफसफाईचं पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो. आज घरी पाहुणे आहेत.

धाकटा

११ मार्च

थोरले,

पाहुणे नव्हते.

पत्र टाकून आलो तर हिने विचारलं, पोस्टकार्डावर काय होतं. मी सांगितलं. मग तिने विचारलं, त्याचं उत्तर काय, आणि मी तेही सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी. ती दातांची डॉक्टर आहे, समोरचा माणूस तोंड उघडून बसला की मध्ये बोलायचं नाही ही तिला सवय. सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाली, "ताई नऊ वर्षं माझ्याशी बोलताना तुझं नाव आलं की विषय बदलते. मला वाटायचं, चूक त्यांची आहे म्हणून." टेबलावर कोरे कागद ठेवून ती दार ओढून गेली. कडी लावली नाही, पण लावल्यासारखं वाटतंय. कालचा अख्खा दिवस फुकट गेला, आज लिहितोय.

तुम्हाला आठवतं का, कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी तुम्ही चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेला होता? मी एकटाच होतो. पुलावर चित्र अडखळत होतं. प्रत्येक शेळी पाय टाकण्याआधी मुकादमाला विचारणार, मुकादम हातातलं काम सोडून उत्तर देणार, तोवर सगळा डोंगर थरथरणार. आपण आठवडाभर त्याच्यावर डोकं फोडत होतो. मी ती विचारायची ओळ काढून टाकली. एकच ओळ. तीन वेळा चालवून पाहिलं. मजूर नेमके मागेपुढे आले, शेळ्या एकामागून एक लोण्यावरून गेल्यासारख्या गेल्या. चित्र जराही हललं नाही.

तुम्हाला सांगणार होतो. तुम्ही आलात ते नवी काडी दाखवत आलात, खुशीत होता. म्हटलं, आता सांगितलं तर हे पुन्हा सगळं तपासत बसतील. उद्या स्टेजवर पूल सुरेख ओलांडला की सांगू, म्हणजे शाबासकीही मिळेल. मला तुमची शाबासकी हवी होती, यात सगळं आलं. अकरा वर्षांत तुम्ही मला दोनदा 'बरं आहे' म्हणाला होता, आणि त्यातलं एकदा शर्टाबद्दल.

दुसऱ्या दिवशी सातही मजूर एकदम आले. पुढचं चोपन्न लाख लोकांना माहीत आहे.

त्यानंतरची बैठक मात्र कुणी चित्रित केली नाही. त्या वेळच्या प्रकाशकांच्या साहेबांनी विचारलं, पुलाचा कोड कुणाचा? मी म्हणालो, थोरल्यांचा. ते खरंच होतं. खरं बोलून इतकं खोटं वागता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. "हो, माझा," म्हणालात, कागद गोळा केलेत आणि उठलात. साहेबांनी आपला गेम बंद केला. मी ठरवलं, सोमवारी तुम्हाला फोन करीन. सोमवारी वाटलं, तुम्हाला कळलंच असेल, आता रागातच उचलणार नाही. मंगळवारी तुम्ही खरंच उचलला नाही, तेव्हा मी पक्कं धरलं की तुम्हाला कळलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पुढे ऐकलं, तुम्ही गेम लिहिणं सोडलं, गाव सोडलं. तोवर इतके सोमवार होऊन गेले होते की आता कुठल्या तोंडाने, असं झालं.

तुम्हाला वाटत असेल की शेळ्या तुमच्यामुळे पडल्या, तर नाही. माझ्यामुळे पडल्या. तुमची ओळ बरोबर होती. पहिल्या पत्रात मी पुलाचा दोष तुमच्यावर टाकला तेव्हाही मला हे माहीत होतं. बाईंनाही आज कळवलंय की ती पडझड माझी आहे, आणि तो फोटो छापायचाच असेल तर त्यावर माझं नाव घाला.

तुम्ही उत्तर नाही दिलंत तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं.

धाकटा

२ एप्रिल

थोरले,

तीन आठवडे मी पोस्टमनला इतकं भेटलो की तो रस्ता बदलून जाऊ लागला होता. काल त्याने लांबूनच पाकीट हलवून दाखवलं. अकरा कागद.

पहिले नऊ पुलाचे. एकशे बारा ओळी, हाताने, समासासकट, आणि शेवटी सूचना: 'मुकादम नसेल तर शेळ्यांनाच एकमेकींना विचारायला शिकवा.' इतकं साधं मला दोन महिन्यांत सुचलं नाही. दहाव्या कागदावर वॉशिंग मशीनची तारीफ. वाचून गंमत वाटली. एकच छोटा प्रोसेसर, तीन बटणं, आणि ते बिघडलं तर फार तर मोजे ओले राहतात, चारशे माणसं हसत नाहीत. तुम्ही लिहिलंय की झोप चांगली लागते. बरं वाटलं, आणि वाईटही.

अकरावा कागद मी उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग हिला वाचून दाखवला. तो इथे पुन्हा उतरवतो. तुमचंच लिहिणं आहे, पण माझ्या हाताने एकदा लिहून बघितल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही.

'तुमच्या ओळीमुळे शेळ्या पडल्या असतील. यंत्र मात्र माझ्यामुळे मेलं. कार्यक्रमाच्या आधी वीस मिनिटं, स्टेजमागच्या खोलीत मी आठवी शेळी घातली. आठव्या मजुरावर. त्याला हात लावायचा नाही हे पान चारशे बारावर ठळक अक्षरात आहे आणि मीच तुम्हाला ते दोनदा वाचून दाखवलं होतं. ती पडद्यावर यायला आणि सगळं काळं व्हायला एकच गाठ पडली. मला वाटलं, पडझडही तिच्यामुळेच झाली. बैठकीत तुम्ही माझं नाव घेतलंत ते योग्यच होतं. लाजेने मान वर झाली नाही. फोन उचलला असता तर तुम्ही कारण विचारलं असतं.'

म्हणजे नऊ वर्षं मला वाटत होतं तुम्ही रागावलात, आणि तुम्हाला वाटत होतं मी रागावलो. दोघांपैकी एकजणही रागावलेला नव्हता. आणि मध्ये त्या दोघी बहिणी दर रविवारी तासभर हवापाण्यावर बोलत होत्या.

आठवी शेळी कशासाठी, हे तुम्ही शेवटच्या दोन ओळींत लिहिलंय, तेही बारीक अक्षरात. ती माझ्यासारखी चालते म्हणून. सगळ्यांच्या मागे रेंगाळते, प्रत्येक झुडपात तोंड घालते, पोट आधी पोचतं आणि शेळी मागून येते. कोडमध्ये तिचं नाव 'धाकटा'. पूल पार झाल्यावर सगळ्यांसमोर मला स्टेजवर बोलावून ती दाखवायची होती.

थोरले, मी शाबासकीसाठी तुमची ओळ काढली, आणि तुम्ही मला शाबासकी द्यायला यंत्र मोडलंत. यावर काय लिहावं मला कळत नाही. तुमच्या मेहुणीला कळलं. ती म्हणाली, "दोघांचे दात एकाच वेळी किडले होते आणि दोघेही तोंड मिटून बसले."

तुमच्या एकशे बारा ओळी काल बसवल्या. सातही शेळ्या रांगेत उभ्या राहिल्या, एकमेकींना विचारलं आणि पूल पार. मग तुमच्या वर्णनावरून आठवी घातली. या यंत्रावर आठही कामकरी आपलेच, कुणी राखीव नाही. ती सगळ्यात शेवटी पोचली आणि पलीकडे गेल्या गेल्या खाली बसली. हिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसू आवरायला आतल्या खोलीत निघून गेली. आवरलं मात्र नाही, मला ऐकू येत होतं.

तुमचा,
धाकटा

१८ एप्रिल

थोरले,

ताई इथे आठवडाभरासाठी आल्या आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. काल जे झालं ते मात्र त्यांनी फोनवर सांगायचं नाकारलं. म्हणाल्या, तुमच्या यंत्राचं तुम्ही बघा. म्हणून लिहितोय.

काल दुपारी दोघी बहिणींनी ठरवलं की ज्या गेमपायी आपल्या दोघींची नऊ वर्षं गेली तो एकदा खेळून तरी बघू. या दोघींनी जन्मात कंट्रोलर धरलेला नाही. ताईंनी तो आधी उलटा धरला. मी सातव्या कड्यापासून गेम लावून दिला आणि पाणी आणायला गेलो. परत येताना लक्षात आलं की घाईत भलतीच प्रत लावली आहे, आठवीची चाल पाहायला केलेली: आठ शेळ्या आहेत, पण तुमच्या एकशे बारा ओळी नाहीत. म्हणजे आता आठही दरीत जाणार, आणि ताई म्हणणार, यासाठी का गाव सोडलं होतं आमच्या ह्यांनी. मी धावत आलो. पेला अर्धा सांडला.

दोघी पुलापलीकडे होत्या. आठही शेळ्या शाबूत, चरत होत्या.

मी पुन्हा खेळायला लावलं. पुन्हा पार. तिसऱ्यांदा शेजारी बसून नीट बघितलं. राखणदार ज्या शेळीच्या पाठीवर हात ठेवतो ती पुढे होते, ही सोय आपणच दिली होती. पण आपण दोघांनी आणि ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांनी शेळ्या आल्या त्या क्रमाने सोडल्या, त्यामुळे आठवी, ती 'धाकटा', कायम शेवटी. ताईंनी पुलाच्या खूप आधीच त्या लठ्ठ शेळीवर हात ठेवला आणि तिला सगळ्यांच्या पुढे काढलं. हात ठेवून पुढे काढलेल्या शेळीच्या पुढे कुणी जायचं नाही, हा नियम तुमचाच. झालं. ती रमतगमत निघाली आणि बाकीच्या सात चपळ जणी मुकाट्याने तिच्यामागे एका रांगेत. पुलाच्या तोंडाशी गर्दी व्हायला कारणच उरलं नाही. ना मुकादम, ना विचारणं, ना एकशे बारा ओळी.

आता माझं म्हणणं ऐका. हा बिघाड नाही, हा खेळ आहे. ज्याला सुचेल तो पार जाईल, ज्याला नाही सुचणार त्याच्या शेळ्या पडतील, आणि तो स्वतःवर हसून पुन्हा खेळेल. बाईंना आज सकाळी दाखवलं. आधी त्यांच्याच आठही पडल्या. मग वीस मिनिटं त्यांनी कंट्रोलर हातातून सोडलाच नाही, आणि शेवटी पार गेल्या तेव्हा त्यांनी सेक्रेटरीला आत बोलावून दाखवलं. नाव 'कडा'च राहणार. फोटो नाही. खोक्यावर आठ शेळ्या.

फक्त यासाठी तुमच्या एकशे बारा ओळी काढाव्या लागतील. नऊही कागद माझ्यासमोर आहेत. सुंदर लिहिलेल्या आहेत, काढायला हात धजत नाही, पण काढायला हव्यात असं मला वाटतं. काढू का? तुम्ही नको म्हणालात तर तशाच राहतील, वाद घालणार नाही. मुदतीला बारा दिवस आहेत, आणि तुमचं काही कळल्याशिवाय मी एका स्वल्पविरामालाही हात लावणार नाही.

ताईंना मी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं. तीस वर्षं पहिलीची पोरं रस्त्यापलीकडे नेलेली बाई ती. म्हणाल्या, "सगळ्यात रेंगाळणारा पुढे ठेवायचा. मागे ठेवला की तो हरवतो, आणि पुढचे धक्काबुक्की करतात. तुम्ही दोघं इतकी वर्षं काय करत होता?"

मी त्यांना सांगितलं, की आम्ही यंत्र समजून घेत होतो.

त्या आता माझ्या खांद्यावरून हे वाचताहेत आणि म्हणताहेत की शनिवार-रविवार कारखाना बंद असतो, हे त्यांना ठाऊक आहे. शिवाय एक निरोप आहे, शब्दशः देतो: उत्तर लिहीत बसू नका, गाडीत बसा.

तुमचा,
धाकटा